सोसायटीच्या एसटीपीतील हवा: विषाणूंचे तुषार कमी कसे करावेत

पर्यावरण प्रभाव मूल्यांकनाच्या २००६च्या अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकाम असलेल्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते, आणि त्या मंजुरीच्या अटींत स्वतःचे सांडपाणी प्रक्रिया केंद्र (एसटीपी) उभारण्याची अट बहुधा असतेच. त्यामुळे पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे, नवी मुंबई या भागांतल्या मोठ्या संकुलांच्या तळघरात, पार्किंगच्या एखाद्या कोपऱ्यात, एसटीपी रात्रंदिवस चालू असतो आणि बहुतेक सभासदांनी त्याचे दार एकदाही उघडून पाहिलेले नसते. दार उघडले जाते ते वासाची तक्रार आली की. वासाबरोबर त्या खोलीच्या हवेत पाण्याचे अतिसूक्ष्म तुषार आणि त्यांच्यावर स्वार झालेले विषाणूही असतात, याचा विचार मात्र क्वचितच होतो. हा लेख व्यवस्थापन समिती, इमारतीची देखभाल पाहणारे व्यवस्थापक आणि प्रत्यक्ष आठ-बारा तास तिथे काढणारा ऑपरेटर यांच्यासाठी आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. एसटीपीत माणसाचा जीव तात्काळ घेणारी गोष्ट विषाणू नसून हायड्रोजन सल्फाइड वायू आहे. कुजक्या अंड्यासारखा त्याचा वास सुरुवातीला येतो, परंतु प्रमाण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास गेले की नाकच बधिर होते आणि वास गेला म्हणजे धोका गेला असा घातक समज होतो. टाकीत उतरण्याचा विषय या लेखात नाही. गटार किंवा सेप्टिक टँकमध्ये माणसाला संरक्षक साधनांविना उतरवणे २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. पुढे सांगितलेला कोणताही उपाय करताना गॅस डिटेक्टर चालू असला पाहिजे, कारण विषाणूंसाठी टाकी झाकायला जावे आणि झाकणाखाली वायू कोंडावा, असे सहज घडू शकते.

तुषार होतात कसे

स्थिर पाण्यातून विषाणू आपोआप हवेत उडत नाहीत. पाण्याचा पृष्ठभाग जिथे फुटतो तिथेच ते हवेत येतात. सांडपाण्यात हवा मिसळणाऱ्या एरेशन टाकीच्या तळाशी सोडलेला हवेचा बुडबुडा वर येताना पाण्यातले सूक्ष्म कण आपल्या पृष्ठभागावर गोळा करत येतो. तो वर येऊन फुटतो तेव्हा त्याच्या पातळ पडद्याच्या चिंधड्या होऊन अत्यंत बारीक थेंब उडतात आणि मागे राहिलेल्या खळग्यातून पाण्याची एक छोटी चिळकांडी उसळून तिचेही थेंब होतात. या थेंबांचे पाणी हवेत उडून गेले की उरतो तो क्षार, सेंद्रिय द्रव्य आणि असलेच तर विषाणू यांचा सुका कण.

हा कण किती वेळ तरंगतो हे त्याच्या आकारावर ठरते, आणि इथले आकडे ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. शांत हवेत दीड मीटर उंचीवरून १०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब साधारण सहा सेकंदांत खाली पडतो, १० मायक्रॉनच्या कणाला सुमारे आठ मिनिटे लागतात, तर १ मायक्रॉनचा कण अकरा-बारा तास तरंगत राहू शकतो. म्हणजे अंगावर उडालेले जे शिंतोडे आपल्याला दिसतात, ते या विषयातला छोटा भाग आहेत. न दिसणारे कण खोलीची हवा बदलेपर्यंत तिथेच फिरत असतात.

सांडपाण्यात जे विषाणू प्रामुख्याने असतात (अ‍ॅडेनोव्हायरस, नोरोव्हायरस, रोटाव्हायरस, एन्टेरोव्हायरस, कावीळ करणारे हेपटायटिस ए आणि ई), त्यांतले बहुतेक मेदाचे आवरण नसलेले, म्हणून चिवट असतात. करोनासारखे आवरण असलेले विषाणू मैलापाण्यात तुलनेने लवकर निकामी होतात. महासाथीत सांडपाण्यात जे सापडत होते ते मुख्यतः त्याच्या आरएनएचे तुकडे होते. आवरण नसलेल्या विषाणूंना दमट हवा मानवते आणि उन्हातले अतिनील किरण त्यांना मारक ठरतात. आता तळघरातल्या एसटीपीची खोली डोळ्यांसमोर आणावी: ऊन नाही, बारमाही दमटपणा, आणि हवा हलते ती एक्झॉस्ट पंखा चालू असला तरच.

ही भीती कागदी नाही, तशी ती फुगवून सांगण्याचीही गरज नाही. स्वित्झर्लंडमधील ३१ सांडपाणी केंद्रांच्या हवेचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अ‍ॅडेनोव्हायरसचा जनुकीय अंश जवळजवळ प्रत्येक नमुन्यात आढळला, नोरोव्हायरसचा १२३ पैकी केवळ तीन नमुन्यांत, आणि हेपटायटिस ईचा एकाही नमुन्यात नाही. जनुकीय अंश सापडणे म्हणजे विषाणू जिवंत असणे नव्हे, हेही लक्षात घेतले पाहिजे. मात्र नोरोव्हायरसच्या बाबतीत शंभरहून कमी कणही आजारी पाडण्यास पुरतात, म्हणून थोड्याशा संपर्काकडेही दुर्लक्ष करून चालत नाही.

आणखी एक गोष्ट ऑपरेटरला समजावून सांगावी लागते, कारण ती सहज पटत नाही. हे पोटाचे विषाणू, मग ते हवेतून पोटात कसे जाणार? श्वासाबरोबर आत गेलेले मोठे कण नाकात, घशात आणि श्वासनलिकेत चिकटतात, तिथला चिकट स्राव त्यांना वर ढकलत घशापर्यंत आणतो आणि आपण तो नकळत गिळतो. त्यामुळे नाक, तोंड आणि हात हे तीन वेगवेगळे मार्ग नसून शेवटी एकाच ठिकाणी पोहोचतात.

आधी पाहणी करावी

पैसे खर्च करण्यापूर्वी एक संध्याकाळ पाहणीला द्यावी. ऑपरेटरला सोबत घ्यावे, टाकीभोवतीचा कठडा शाबूत असल्याची खात्री करावी, एका जागी उभे राहावे आणि मग दिवे मालवून जोरदार टॉर्चचा झोत पाण्याच्या पृष्ठभागावर आडवा टाकावा. ब्लोअर (टाकीत हवा सोडणारे यंत्र) चालू असताना त्या झोतात जे धुके नाचताना दिसते, ते दिवसाउजेडी मुळीच दिसत नाही. जिथे धुके दाट दिसेल ती जागा आराखड्यावर खुणेने नोंदवावी आणि पुढच्या जागी जाताना दिवे पुन्हा लावावेत. याखेरीज, कडेने ठिकठिकाणी काळा प्लास्टिकचा कागद अर्धा तास पसरून ठेवावा आणि त्यावर उमटलेले ठिपके पाहावेत. बारीक कण त्यावर दिसणार नाहीत, पण मोठे शिंतोडे कुठपर्यंत पोहोचतात हे कळते.

पुण्यातल्या एका सोसायटीत अशी पाहणी करताना एरेशन टाकीपासून चार फुटांवरच्या इलेक्ट्रिक पॅनेलच्या काचेवर वाळलेल्या थेंबांचा पांढुरका थर बोटाने पुसून निघाला, आणि त्याच पॅनेलच्या माथ्यावर ऑपरेटरचा जेवणाचा डबा आणि पाण्याची बाटली ठेवलेली होती. तिथे ठेवण्याचे कारण विचारले तर उत्तर सरळ होते: दुसरी कोरडी जागाच नव्हती.

पाहणीत बार स्क्रीन (मोठा कचरा अडवणारी जाळी), इक्वलायझेशन टाकी (येणारे सांडपाणी साठवून त्याचा ओघ समान करणारी), एरेशन टाकी, गाळ परत आणणाऱ्या पाइपचे तोंड, फिल्टर प्रेस (गाळातले पाणी पिळून काढणारे यंत्र) आणि वाळूच्या फिल्टरचे बॅकवॉश (फिल्टर उलट्या प्रवाहाने धुतल्याचे पाणी) जिथे पडते ती जागा, एवढी ठिकाणे सुटू देऊ नयेत.

उगमापाशी करायची कामे

सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत परिणामकारक काम पाइपांचे असते. बऱ्याच ठिकाणी आत येणारे पाणी, परतीचा गाळ किंवा बॅकवॉशचे पाणी टाकीच्या पृष्ठभागावर तीन-चार फुटांवरून धबधब्यासारखे पडत असते. त्या पाइपला खाली तुकडा जोडून त्याचे तोंड पाण्याच्या नेहमीच्या पातळीखाली एक-दीड फूट न्यावे. हे करताना एक चूक हमखास होते: पाइपचे तोंड पाण्यात बुडाले की पंप बंद पडताच टाकीतले पाणी सायफनने उलटे खेचले जाऊ शकते. ते टाळण्यासाठी पाण्याच्या पातळीच्या वर, पाइपच्या भिंतीकडच्या बाजूला, एक छोटे भोक पाडून ठेवावे, म्हणजे तिथून हवा शिरून सायफन तुटतो. पंप चालू असताना त्या भोकातून थोडे पाणी उडते. ते भिंतीवर पडेल अशी दिशा ठेवली की झाले.

दुसरे काम एरेशनचे. पृष्ठभागावर पाणी घुसळणाऱ्या यंत्रांपेक्षा तळाशी बसवलेल्या, रबरी पडद्याच्या छिद्रांतून सूक्ष्म बुडबुडे सोडणाऱ्या डिफ्यूजरमुळे कितीतरी कमी तुषार उडतात, हे वेगवेगळ्या केंद्रांवरच्या मोजमापांतून दिसून आले आहे. परंतु डिफ्यूजर असूनही टाकीत एखाद्या जागी पाणी उकळल्यासारखे उसळत असेल, तर तिथला रबरी पडदा फाटला आहे असे समजावे आणि तो बदलावा. ब्लोअर गरजेपेक्षा अधिक चालवण्याची सवयही मोडावी. पाण्यातला विरघळलेला प्राणवायू लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास असला तर सामान्यतः पुरतो. रात्री सांडपाणी कमी येत असताना तो चार-पाचवर गेला असेल, तर वीज आणि तुषार या दोन्हींची ती उधळपट्टी आहे. ब्लोअरला व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे उपकरण) बसवला की वेग कमी-जास्त करता येतो.

एमबीबीआर किंवा एमबीआर पद्धतीचा एसटीपी असेल तर मात्र हा सल्ला जसाच्या तसा लागू करू नये. तिथे जिवाणू वाढवणारे प्लास्टिकचे तुकडे (मीडिया) हलते ठेवण्यासाठी किंवा पाणी गाळणारे मेम्ब्रेन घासून स्वच्छ राहण्यासाठी मोठे बुडबुडे मुद्दाम सोडलेले असतात. अशा टाक्यांवर एफआरपीचे (फायबरग्लासचे) झाकण घालणे हाच मार्ग उरतो, आणि झाकण घातले की त्याखालची हवा डक्टने ओढून बाहेर नेणे सक्तीचे आहे. नुसते झाकण घालून थांबणाऱ्या ठेकेदाराला काम देऊ नये. तसे केल्याने तुषार दबतात, पण खाली हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साठतात आणि झाकण उघडणाऱ्याच्या तोंडावर येतात.

फेसाकडेही लक्ष द्यावे. साबणाचा फेस टाकीच्या काठावरून ओसंडतो आणि पंख्याच्या झोताने त्याचे गोळे उडतात, तेव्हा तुषारांचाच तो जाडसर अवतार असतो. एसटीपी नव्याने सुरू करताना किंवा जिवाणूंचा गाळ कमी झालेला असताना फेस अधिक येतो. गाळाचे प्रमाण सुधारल्यावर तो बहुधा बसतो. तोवर त्यावर पाण्याचा जोरदार फवारा मारण्याचा मोह टाळावा.

फवाऱ्याचा मुद्दा सफाईलाही लागू होतो. बार स्क्रीनची जाळी, फिल्टर प्रेसच्या प्लेटा, टाकीच्या भिंती उच्च दाबाच्या जेटने धुतल्या की दहा मिनिटांत लख्ख होतात आणि तेवढ्याच वेळात त्या खोलीची हवा दिवसभरातली सर्वांत घाण होते. आधी लांब दांड्याच्या ब्रशने किंवा खरवडणीने घाण काढावी, नंतर साध्या नळीने कमी दाबाने धुवावे. पृष्ठभाग निर्जंतुक करायचे असल्यास एसटीपीतच असलेले १० टक्क्यांचे हायपोक्लोराइट (क्लोरीनयुक्त जंतुनाशक) १०० मिलिलिटर घेऊन १० लिटर पाण्यात मिसळावे, म्हणजे सुमारे १,००० पीपीएमचे द्रावण होते. ते फवारू नये, फडक्याने पुसावे आणि दहा मिनिटे ओले राहू द्यावे. जुन्या कॅनमधल्या हायपोक्लोराइटची शक्ती उतरलेली असते, म्हणून कॅनवरची तारीख पाहावी. अ‍ॅसिडशी ते कधीही मिसळू नये, कारण त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

हवा कुठून कुठे जाते

बंदिस्त सांडपाणी-जागांसाठी तासाला बारा वेळा हवा बदलणे हा प्रचलित निकष आहे. समजा एसटीपीची खोली १२ मीटर लांब, ८ मीटर रुंद आणि ४ मीटर उंच आहे. तिचे आकारमान ३८४ घनमीटर झाले, म्हणजे तासाला सुमारे ४,६०० घनमीटर, किंवा पंखेवाल्यांच्या भाषेत साधारण २,७०० सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा बाहेर गेली पाहिजे. पंख्यावरच्या पाटीवर हा आकडा लिहिलेला असतो, पण लांब, वळणावळणाच्या डक्टमध्ये प्रत्यक्ष हवा कमी जाते. म्हणून जाळीपाशी अ‍ॅनिमोमीटर धरून वेग मोजावा. अर्धा मीटर बाय अर्धा मीटरच्या जाळीतून सेकंदाला ३ मीटर वेगाने हवा जात असेल, तर ती तासाला २,७०० घनमीटर होते. म्हणजे वरच्या खोलीत बारा नव्हे, जेमतेम सात वेळा हवा बदलते.

आकड्याइतकीच दिशा महत्त्वाची आहे. ताजी हवा आधी माणसाच्या बसण्याच्या जागेवरून यावी, मग टाकीवरून जावी आणि टाकीच्या पलीकडून बाहेर पडावी. अनेक ठिकाणी एक्झॉस्ट नेमका दाराच्या वर बसवलेला असतो, त्यामुळे टाकीवरची सगळी हवा ऑपरेटरच्या टेबलावरून ओढली जाते. दिशा पाहण्यासाठी उदबत्ती लावू नये. मिथेनचा संभव असलेल्या जागी ठिणगी नकोच. पतंगाच्या पातळ कागदाची बोटभर रुंद पट्टी दोऱ्याला बांधून वेगवेगळ्या जागी धरली की ती कुठे झुकते यावरून सगळे कळते. दार किलकिले उघडून फटीत पट्टी धरावी: ती आतल्या बाजूला झुकली पाहिजे. बाहेर झुकत असेल तर एसटीपीची हवा पार्किंगमध्ये आणि तिथून लिफ्टच्या मार्गाने वर जात आहे, आणि बाहेर फेकल्या जाणाऱ्या हवेचे प्रमाण आत येणाऱ्या हवेपेक्षा वाढवले पाहिजे.

एक्झॉस्टचे तोंड मुलांच्या खेळण्याच्या जागेजवळ, पोडियमवरच्या बाकांपाशी किंवा पहिल्या मजल्याच्या खिडक्यांखाली नसावे. शक्य असेल तर तो डक्ट गच्चीपर्यंत न्यावा. वासासाठी बसवलेला कार्बन फिल्टर विषाणू अडवण्यासाठी बनवलेला नसतो, त्यामुळे वास थांबला म्हणून काम झाले असे मानू नये.

एका छोट्या गोष्टीसाठी मात्र इथे थांबले पाहिजे. एसटीपीच्या खोलीत, ऑपरेटरच्या स्वच्छतागृहात आणि तळघरातल्या न वापरलेल्या कोपऱ्यांत असलेले नाहणी ट्रॅप (पाणी साठून गटाराची हवा अडवणारे जमिनीतले वळण) कोरडे पडू देऊ नयेत. २००३ साली हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या निवासी संकुलात सार्सची साथ पसरून ३००हून अधिक रहिवासी बाधित झाले आणि ४२ जण दगावले. तिथल्या चौकशीत जे कारण पुढे आले ते असे, की न्हाणीघरातले ट्रॅप कोरडे पडले होते आणि न्हाणीघरातला पंखा चालू केला की मैलापाण्याच्या उभ्या पाइपमधले तुषार त्या वाटेने घरात ओढले जात होते. आपल्याकडेही बंद फ्लॅटच्या न्हाणीघरात तीच रचना असते. आठवड्यातून एकदा प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओतावे. कुलूपबंद फ्लॅटसाठी पाण्यावर चमचाभर खाद्यतेल टाकून ठेवले तर बाष्पीभवन लांबते.

ऑपरेटरने काय घालावे, काय टाळावे

मास्कचा क्रमांक इथे मुद्दाम नंतर आला आहे, कारण समित्या बहुधा मास्कचा खोका आणून विषय संपवतात. जाळी साफ करताना, फिल्टर प्रेस उघडताना, टँकरमध्ये गाळ भरताना आणि टाकीचे झाकण उचलताना एन-९५ किंवा एफएफपी-२ प्रतीचा मास्क वापरावा. भारतीय मानकांनुसार त्यावर आयएस ९४७३ हा क्रमांक पाहावा. तो चेहऱ्याला घट्ट बसला तरच उपयोगी. दाढीमुळे कडेने फट राहते. घामाने किंवा तुषारांनी भिजलेला मास्क बदलावा, आणि तो हनुवटीवर ओढून पुन्हा वर चढवण्याची सवय सोडावी, कारण त्यामुळे बाहेरची घाण थेट ओठांना लागते. अंगावर पाणी उडण्याचा संभव असेल तिथे वरून फेस शील्ड घालावी. यातला कोणताही मास्क वायू अडवत नाही.

हातांच्या बाबतीत सर्वांत अवघड गोष्ट तंबाखूची आहे. तळहातावर मळलेली तंबाखू अंगठ्याने दाबून ओठाखाली ठेवणे म्हणजे टाकीच्या कठड्यावरचे सगळे काही तोंडात ठेवणे होय. उपदेशाने ती सुटत नाही. निदान एसटीपीच्या दाराच्या आत पुडी न्यायची नाही, बाहेर पडून साबणाने हात धुतल्यावरच ती हातात घ्यायची, एवढा नियम पाळला जाऊ शकतो. दाराशीच बेसिन, वाहते पाणी आणि साबण असावा. अल्कोहोलचा सॅनिटायझर नोरोव्हायरसवर पुरेसा चालत नाही. जेवणाची जागा, डबा ठेवण्याचे कपाट आणि मोबाइल चार्ज करण्याचा प्लग हे सगळे त्या खोलीच्या बाहेर हवे. मोबाइलचे नाव लोक विसरतात, पण दिवसभरात हात आणि तोंड यांच्या सर्वांत जवळ तोच जातो. कामाचे कपडे आणि गमबूट तिथेच राहावेत. घरी नेऊन घरच्या कपड्यांत धुण्याची वेळ ऑपरेटरवर येऊ नये, म्हणून धुण्याची सोय सोसायटीने करावी.

हेपटायटिस ए आणि धनुर्वाताच्या लशींबाबत डॉक्टरांचा सल्ला घेऊन त्यांचा खर्च ठेक्यातच धरावा. नोरोव्हायरसवर मान्यताप्राप्त लस नाही.

बाहेर जाणारे पाणी

प्रक्रिया झालेले पाणी बागेसाठी वापरताना तुषार सिंचन टाळावे. आत महिनाभर कष्ट करून तुषार कमी करायचे आणि संध्याकाळी सहा वाजता, मुले खेळत असताना, तेच पाणी स्प्रिंकलरने हवेत उडवायचे, यात काहीच अर्थ नाही. ठिबक किंवा जमिनीलगत सोडलेली नळी वापरावी, आणि स्प्रिंकलर असतीलच तर पहाटे, माणसे नसताना चालवावेत. क्लोरीनला पाण्याशी किमान अर्धा तास संपर्क मिळतो की नाही हे टाकीचे आकारमान आणि पंपाचा वेग यांवरून तपासावे. गढूळ पाण्यात क्लोरीन आणि यूव्ही दोन्हींचा प्रभाव कमी पडतो, त्यामुळे आधी वाळूचा फिल्टर ठीक चालला पाहिजे. या पाण्याने नळीच्या जोरावर गाड्या धुणे बंद करावे.

हवेची चाचणी

हवेतील विषाणूंची चाचणी करून देतो असे सांगणारा कोणी आला, तर तो नमुना कसा घेणार हे विचारावे. पोषक द्रव्याच्या बशा उघड्या ठेवून मोजणी करणारी पद्धत जिवाणू आणि बुरशी दाखवते, विषाणू नाही. विषाणूंसाठी द्रवात हवा खेचणारे उपकरण आणि पीसीआर चाचणी लागते, आणि तीही जिवंत व मृत विषाणूंत भेद करत नाही. जिवाणूंना लागण करणारे कोलिफेज हे विषाणू सूचक म्हणून मोजता येतात आणि ते जिवंत असल्याचेही कळते. मोठ्या केंद्रांनी तो मार्ग धरावा. सोसायटीने हा पैसा पंख्यावर आणि पाइपांवर खर्च करावा.

ऑपरेटरच्या आजारपणाची एक साधी वही मात्र ठेवावी: तारीख, उलटी, जुलाब, ताप, डोळे येणे, कावीळ, आणि त्या आठवड्यात एसटीपीत कोणते विशेष काम झाले. उलटी-जुलाब थांबल्यावरही किमान दोन दिवस त्याला पगारी रजा द्यावी, आणि डॉक्टरांकडे जाताना आपण मैलापाण्याच्या केंद्रात काम करतो हे त्याने आपणहून सांगावे, कारण ते विचारले जाईलच असे नाही.